टोलाआधी सांगा : एका स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाच्या शाळा-उपचार निवडीचं प्रकरण

मुलगा पाच वर्षं आठ महिन्यांचा. घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पुणे १३० किलोमीटरवर. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई आणि आजी घरी, मोठी बहीण चौथीत. मुलाला चार शब्द येतात आणि त्यांतला ‘पाणी’ हा शब्द तो बिस्किट, झोका, बाहेर जायचंय अशा कशासाठीही वापरतो. अंगणवाडीत दोन वर्षं जाऊन बसला, नंतर सेविकेनेच सांगितलं, “वहिनी, याच्यासाठी वेगळी शाळा बघा.” मे महिन्यात त्याला सहा पूर्ण होणार, म्हणजे जूनमध्ये पहिलीचं वय. जानेवारीत आईवडिलांचा प्रश्न एवढाच होता, की याच्यासाठी चांगली शाळा कुठली?

हे नमुना-प्रकरण आहे, कुठल्या एका घरावर बेतलेलं नाही. पण यातली एकही अडचण अशी नाही, जी अशा मुलांच्या पालकांनी सोसलेली नाही.

फाइलमध्ये काय होतं आणि काय नव्हतं

प्लास्टिकच्या फाइलमध्ये तीन वर्षांचे सात कागद होते. एका चिठ्ठीवर ‘बोलणं उशिरा, वाट पाहा’, दुसऱ्यावर प्रश्नचिन्हासह ‘अतिचंचलता’. तिसरा कागद जरा जाडजूड, खासगी चाचणीचा. त्यावर बुद्ध्यांक ४२ आणि निदान ‘मध्यम बौद्धिक अक्षमता’. कानांची तपासणी मात्र एकाही कागदावर नव्हती. सहा वर्षांचा होत आलेला मुलगा बोलत नाही आणि त्याला ऐकू येतं की नाही हे कुणी पाहिलेलंच नाही, हे दिसतं त्यापेक्षा फार सर्रास घडतं. टीव्हीवर जाहिरातीचं संगीत लागलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं, असं घरचे धरून चालतात आणि डॉक्टरही मान डोलावतात. पण मोठा आवाज कळणं आणि बोलण्यातले बारीक ध्वनी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून शाळेचं नाव काढण्याआधी बेरा तपासणी झाली. यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजतात आणि मूल गाढ झोपलेलं असावं लागतं. पहिली खेप वाया गेली, कारण प्रवासात बसमध्येच त्याची झोप झाली होती. दुसऱ्या खेपेला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवलं, पहाटे लवकर उठवलं, गाडीत आजीने डोळा लागू दिला नाही आणि तपासणीच्या दारात पोट भरून खाऊ घातलं. झोपेचं औषध लागलंच तर ते डॉक्टरांच्या समोर, त्यांनीच दिलेलं असावं. घरून देऊन आणायचं नाही. दोन्ही कान ठीक निघाले. आता निदानाकडे वळता आलं.

बुद्ध्यांक ४२ कुठून आला, हे बघायला अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचावा लागला. चाचणी बिने-कामत होती. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली ही चाचणी आपल्याकडे आजही सगळीकडे वापरतात आणि बोलणाऱ्या मुलासाठी ती उपयोगाची आहे. पण तिचा बराच भाग प्रश्न ऐकून तोंडी उत्तर देण्याचा आहे. न बोलणाऱ्या मुलाला ती लावली, तर मोजली जाते भाषा आणि छापला जातो बुद्ध्यांक.

दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने सेगाँचा फॉर्मबोर्ड काढला. लाकडी पाटात दहा आकारांच्या खाचा असतात, ठोकळे बाहेर काढून ठेवतात, मुलाने ते परत बसवायचे. तीन खेपा होतात आणि सगळ्यांत कमी वेळ धरतात. पहिल्या खेपेला मुलाने चांदणीचा ठोकळा उचलून डोळ्यांपाशी नेला, पाटाच्या कडेवर फिरवला, वास घेतला, आणि वेळ गेला. दुसऱ्या खेपेला गोल, चौकोन, त्रिकोण बसले, षटकोनाशी अडला. तिसऱ्या खेपेला कुणी काही न सांगता दहाही ठोकळे बसले, पहिल्या खेपेच्या निम्म्याहून कमी वेळात. पुढच्या सगळ्या आखणीचा पाया या दहा मिनिटांत सापडला : हा मुलगा बघून शिकतो, पुन्हा केलं की पक्कं करतो, आणि पहिल्या खेपेला त्याला जोखलं तर चुकतं.

स्वमग्नतेसाठी भारतीय मापनी वापरली, जिला सगळे ‘आयसा’ म्हणतात. तीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. मुलाचे गुण ११२ आले. सोबत वाइनलँड सामाजिक प्रगल्भता मापनीवर तो स्वतःचं स्वतः करण्यात वयाच्या बराच मागे दिसला : शर्ट काढतो पण घालत नाही, शी लागल्याचं सांगत नाही. अहवालात ‘स्वमग्नता, मध्यम, बौद्धिक क्षमतेबाबत मत राखून, दोन वर्षांनी पुनर्चाचणी’ असं लिहिलं गेलं. ‘मत राखून’ हे दोन शब्द मागून घ्यावे लागले.

प्रमाणपत्रावरचा प्रवर्ग

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि त्यात स्वमग्नता वेगळी मोजली आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, आणि त्यावर बहुतेक हक्क उभे आहेत. याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. निवड घरच्यांची असते. मुख्याध्यापकांना ती परस्पर करता येत नाही.

दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचं आणि तिथलं वैद्यकीय मंडळ बसतं त्या वारी मुलाला घेऊन जायचं. इथे दोन ठेचा लागल्या. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर आद्याक्षराने, त्यामुळे अर्ज परत आला. आधार दुरुस्तीत तीन आठवडे गेले. ही दुरुस्ती पहिल्या दिवशीच करून टाकावी, पुढे शाळेच्या नोंदीतही तीच चूक आडवी येते. दुसरी ठेच म्हणजे मंडळापुढे आईने सवयीने जुनी फाइल पुढे केली आणि लिपिकाने ‘बौद्धिक अक्षमता’ लिहायला घेतलं. प्रवर्ग एकदा पोर्टलवर चढला की बदलायला पुन्हा मंडळ लागतं. ताजा आयसाचा अहवाल वरती ठेवायचा, जुने कागद मागितले तरच द्यायचे. प्रमाणपत्र स्वमग्नतेचं, ७० टक्क्यांचं मिळालं. मूल लहान म्हणून मुदतीचं. मुदतीची तारीख आजीने देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहिली, म्हणजे दर जानेवारीला नव्या कॅलेंडरवर उतरवली जाईल.

प्रवर्गाला एवढं महत्त्व का? महाराष्ट्रातल्या अनुदानित विशेष शाळा प्रवर्गांनुसार उभ्या राहिल्या आहेत : अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, आणि पाट्यांवर अजूनही ‘मतिमंद’ लिहिलेल्या. स्वमग्न मुलांच्या शाळा बहुतेक मुंबई-पुण्यात, संस्थांच्या आणि फी घेणाऱ्या. तालुक्यात राहणाऱ्या स्वमग्न मुलाची कोंडी इथेच होते.

एका दिवसाची नोंद

शाळा बघायला निघण्याआधी आईला एक काम सांगितलं होतं. सात दिवस, वहीत दोन रकाने : किती वाजता काय झालं, आणि त्याच्या आधी काय होतं. तिला ते फुकटचं वाटलं. “ताई, हे सगळं मला तोंडपाठ आहे,” ती विशेष शिक्षिकेला म्हणाली. तरी लिहिलं. बुधवारचं पान असं : ७.१०, कुकरची शिट्टी, कान दाबून पलंगाखाली. ७.४०, आंघोळ, शांत, मगाने पाणी ओततो, १५ मिनिटं. ९.०५, पोह्यातली मिरची निघाली, ताटली ढकलली. ११.३०, अंगणात झोका, न सांगता उतरला, पाण्याच्या पिंपाकडे. १.१५, शी चड्डीत. ६.००, बहीण आली, तिच्या दप्तरातली पट्टी घेतली, रांगेत पेन्सिली लावल्या, २५ मिनिटं.

सात पानांतून शाळेकडे मागायच्या गोष्टी निघाल्या. अचानक मोठा आवाज चालत नाही. शी जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने होते, म्हणजे तेव्हा संडासला नेणारं माणूस हवं. हातात काम असेल तर २५ मिनिटं एका जागी बसतो. उघडं फाटक आणि पाणी हा धोका. यात ‘स्वमग्न मुलांची शाळा’ असं कुठेच नाही. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा हे चार मुद्दे कुठे सांभाळले जातील, यावर पुढची निवड झाली.

चार पर्याय

पहिला, जिल्ह्याच्या ठिकाणची बौद्धिक अक्षम मुलांची अनुदानित निवासी शाळा. राहणं-खाणं मोफत, शिक्षक प्रशिक्षित. अशा शाळांसाठी मुंबईच्या जय वकील फाउंडेशनने तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्याने स्वीकारला आहे, त्यामुळे शिकवण्यात पूर्वीपेक्षा एकवाक्यता आली आहे. पण पोटात दुखतंय की कुणी मारलंय हे सांगता न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला निवासी ठेवणं, घरी सांभाळणारं माणूस असताना, चुकीचंच. शिवाय शाळेचं म्हणणं, प्रमाणपत्रावर आमचा प्रवर्ग नाही. हा पर्याय मिटला.

दुसरा, पुण्यातलं एक खासगी केंद्र. महिना २८,००० रुपये, सहा महिन्यांचे आगाऊ. वडिलांच्या हातात २६,००० पडतात. माहितीपत्रकावर ‘दीड वर्षात सर्वसामान्य शाळेत’ असं वचन. थेरपी चालू असताना पालकांना आत येऊ देत नाहीत, कॅमेरा दाखवू म्हणतात. निघताना मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांचंही पत्रक हातात दिलं. इथे फार विचार करायचं कारण नाही. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचार सिद्ध झालेले नाहीत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते मान्य चाचणीच्या बाहेर पैसे घेऊन देता येत नाहीत. मुदतीचं वचन, बंद दार आणि आगाऊ पैसे, यातली एक गोष्ट दिसली तरी पालकांनी उठावं.

केंद्र चांगलं असतं तरी हिशेब बसत नव्हता. आठवड्याला तीन दिवस, जाऊन-येऊन सहा तास म्हणजे अठरा तास बसमध्ये, आणि पाऊण तासाची तीन सत्रं म्हणजे सव्वादोन तास उपचार.

तिसरा पर्याय आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा. दिव्यांग बालक तिथे वंचित घटकात येतं, उत्पन्नाची अट नाही, फक्त ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मुदतीत हवं. अडीच किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत नंबर लागलाही. नातेवाइकांचा आग्रह याच शाळेचा होता. वर्गात ३८ मुलं, मैदान नाही, आणि व्यवस्थापनाची तोंडी अट : सोबत शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस) तुम्ही आणा, पगार १२,००० तुम्ही द्या. अट लिहून मागितल्यावर मिळाली नाही, कारण कागदावर ती टिकणारी नव्हती. भांडून हक्क मिळवता आला असता. पण ज्या वर्गाला मूल नकोच आहे, तिथे न बोलणाऱ्या मुलाला पाठवून भांडण जिंकण्यात अर्थ नव्हता. इंग्रजी माध्यम हे नकाराचं कारण नव्हतं, स्वमग्न मुलं दोन भाषांत वाढू शकतात. घरी आई-आजीला तो धागा पुढे नेता आला नसता एवढंच.

चौथा पर्याय कुणाच्या यादीतच नव्हता : घरापासून ८०० मीटरवरची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरी मिळून १९ मुलं, एक बाई, कडुनिंबाखाली मोठं अंगण. संडासाला आतून कडी नव्हती, ती बसवता येते. गटसाधन केंद्राचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येऊ शकत होते.

आखलेला आठवडा

जिल्हा परिषदेचीच शाळा ठरली. सोमवार ते शुक्रवार शाळा, पण सुरुवातीला १०.५० ते १२.३० एवढीच. परिपाठाला उभं करायचं नाही. प्रार्थना, प्रतिज्ञा आणि पसायदान होईपर्यंत रांगेत उभं राहणं त्याला जमणार नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात ते करायला लावलं तर शाळा म्हणजे तेच, असं डोक्यात बसलं असतं. पहिले चार आठवडे आई व्हरांड्यात बसेल, वर्गात नाही. मंगळवार-शुक्रवार दुपारी तालुक्यातच व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), सत्राला ५०० रुपये, महिन्याला नऊ सत्रं धरून ४,५००. महिन्यातून दोनदा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचार, मोफत, ४२ किलोमीटर. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं असतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं. ‘तिथे फक्त बाळांना घेतात’ हा गैरसमज खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांतही आढळतो. आणि रोज घरी वीस मिनिटांच्या तीन खेपा, ज्यांच्याशिवाय वरचं सगळं फोल.

उपचारकांची नोंदणी आधी तपासली. विशेष शिक्षक, वाचा-उपचारक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर क्रमांक असतो. व्यवसायोपचारक त्या परिषदेत येत नाहीत, त्यांची नोंदणी महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत असते. त्यामुळे व्यवसायोपचारकाकडे सीआरआर मागून तो नाही म्हणून त्याला बोगस ठरवू नये. नोंदणी क्रमांक बिलावर छापून घ्यायचा, कारण राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्यात बिलं परत मिळवताना तो लागतो. या विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाला त्यात वेगळी मर्यादा आहे. नूतनीकरण विसरलं की मधल्या काळातली बिलं बुडतात.

तालुक्यात एक विनाअनुदानित दिवसाची विशेष शाळाही होती. तीन दिवस तिथे, दोन दिवस जिल्हा परिषदेत, अशी सोय सुचवली गेली. दिसायला छान, पण मुलाची नोंद एका वेळी एकाच शाळेच्या पटावर राहते आणि पटासाठी दोन्ही शाळांना नाव हवं असतं. मधल्या मध्ये नाव एका ठिकाणी कमी होऊन दुसरीकडे चढलेलंच नाही, अशी मुलं सापडतात. म्हणून नाव जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवलं.

प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापकांना एक विनंती लेखी दिली : यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीच्या) नोंदीत विशेष गरजांचं बालक असा पर्याय निवडून प्रकार ‘स्वमग्नता’ भरावा. हा रकाना रिकामा राहिला तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या दृष्टीने ते मूल दिव्यांग नाहीच. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य काहीच येत नाही, आणि हे वर्ष संपताना कळतं.

मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात बारा आठवड्यांसाठी तीनच उद्दिष्टं लिहिली. चित्रकार्ड देऊन पाणी, झोका किंवा खाऊ मागणे, १० पैकी ८ वेळा. हातातल्या कामासह चटईवर १० मिनिटं बसणे, दिवसातून तीनदा. घरी दुपारच्या जेवणानंतर संडासावर बसणे. आधीच्या मसुद्यात चौदा उद्दिष्टं होती, त्यात ‘मुळाक्षरे ओळखणे’ही होतं. चौदा उद्दिष्टांचा आराखडा कपाटात जातो.

तिसरा आठवडा

अकराव्या दिवशी मुलगा फाटकातून रस्त्यावर गेला. बाईंनी धावत जाऊन धरला. संध्याकाळी घरी निरोप आला : जबाबदारी घेता येणार नाही, गृहाधारित शिक्षणात नाव टाकू, शिक्षक घरी येतील.

गृहाधारित शिक्षण ही तीव्र आणि बहुविध दिव्यांग मुलांसाठी ठेवलेली सोय आहे. अडचणीच्या मुलाला पटावर ठेवून वर्गाबाहेर काढायचा रस्ता म्हणूनही ती वापरली जाते. आईवडिलांनी नकार दिला, पण नुसता नकार दिला नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन आठवडे नोंद ठेवण्याची मुदत मागितली आणि विशेष शिक्षकांना त्या दिवशी हजर राहायला सांगितलं. बाईंची भीती खरी होती, १९ मुलं सोडून एकामागे धावायचं कसं?

आठ दिवसांच्या नोंदीत सहा वेळा पळणं होतं. त्यातलं पाच वेळा १२ वाजल्यानंतर पाच मिनिटांच्या आत. १२ ला लहान सुट्टीचा टोल होतो. टोल म्हणजे व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि पहिलीचा वर्ग त्याच्या बरोबर खाली. टोल पडला की चारही वर्ग एकदम अंगणात. मुलगा पळत नव्हता, आवाजापासून लांब जात होता, आणि लांब जायची वाट फाटकातून होती.

वेळापत्रक बदललं नाही. ११.५० ला बाई ‘सुट्टी’चं कार्ड दाखवतात, दुसरीतली दोन मुलं त्याला घेऊन कडुनिंबापाशी जातात, टोल तिथे ऐकू येतो पण अंगावर येत नाही. फाटकाला बाहेरच्या बाजूने कडी, खर्च १८० रुपये, वडिलांनीच बसवली. पुढच्या दहा दिवसांत पळणं एकदा, आणि तेव्हा बाई रजेवर होत्या. बदली शिक्षकाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात आई व्हरांड्यातून घरी गेली. पुढची वाढ दर तीन आठवड्यांनी अर्धा तास, तीही आधीच्या आठवड्यात पळणं शून्य आणि रडणं दहा मिनिटांच्या आत असेल तरच. ऑक्टोबरात दोनदा वाढ रोखावी लागली, एकदा दिवाळीच्या फटाक्यांनी आणि एकदा खिचडीच्या वासाने; डबा घरून द्यायला लागल्यावर दुसरी अडचण सुटली. फेब्रुवारीत तो १०.५० ते ३ पर्यंत थांबत होता. कार्डाने मागणं १० पैकी ९. बसणं १४ मिनिटं. संडासाचं उद्दिष्ट घरी साधलं, शाळेत नाही; शाळेतला संडास अंधारा आहे आणि पारदर्शक पत्र्याचा अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहे.

मे महिन्यात बाईंची बदली झाली. जिल्हा परिषदेत हे होणारच, म्हणून मार्चमध्येच एक पान तयार करून ठेवलं होतं, मुलाच्या बाजूने लिहिलेलं, बहिणीच्या अक्षरात. नव्या गुरुजींच्या टेबलावर काचेखाली ते लावलं आहे. त्यात सहा ओळी आहेत. पहिली : ‘टोल वाजण्याआधी मला सांगा.’